नट आधी बोटांनी फिरला पाहिजे हे शिकवणाऱ्या काकांना थँक्यू

काका, फोनवर आभार मानले होते पण तेवढ्यावर माझं समाधान होईना, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय, वाचून अजून कोणाचे स्टड (चाकाचा नट ज्यावर फिरतो तो आटे असलेला दांडा) वाचले तर उत्तमच.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, गाडी माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीची, १९८९ मध्ये आलेलं मॉडेल, दोन सीट, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास आणि एका चाकाला फक्त चार नट. टायर बदलून आणल्यावर ब्रेक पॅड बघायला मी चाकं काढली आणि परत लावताना पुढच्या एका चाकाचे दोन नट दोन-अडीच आटे जाऊन जाम झाले, पुढेही जाईनात आणि मागे यायलाही कुरकुर. आजूबाजूला सगळ्यांचं एकच, लांब पाना लाव, पाईप घाल दांड्याला, बसेल की. मी तुम्हाला फोन लावला आणि तुम्ही म्हणालात, "पान्याला हात लावू नकोस, मी येतो." काका, त्या एका वाक्याबद्दल पहिलं थँक्यू.

आल्यावर तुम्ही नटांची अदलाबदल केली, आणि मला वाटतं हे प्रत्येकाला माहीत हवं. अडलेला एक नट दुसऱ्या चांगल्या स्टडवर लावला तर बोटांनी सरसर आतपर्यंत गेला, आणि चांगला नट त्या आधीच्या स्टडवर लावला तर तोही अडकला, म्हणजे गडबड स्टडमध्ये. दुसरा अडलेला नट मात्र कुठल्याही स्टडवर जाईना, म्हणजे तो नटच चुकीचा. तुम्ही तुमच्या डब्यातून एक बोल्ट काढला, १२ मिमी जाडीचा पण १.२५ पिचचा, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी, आणि तो नट त्यावर लोण्यासारखा फिरला! माझ्या गाडीला १.५ पिच लागतो. बाहेरून दोन्ही नट अगदी सारखे, तोच कोन, तोच षटकोन, डोळ्यांना फरक कळणारच नाही. टायरवाल्याकडे कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचा नट यात मिसळला आणि एअर गनने थेट ठोकला गेला, गनला काय कळतंय आटे जुळतायत की नाही ते.

मग स्टडचं काम. टॉर्चच्या उजेडात तुम्ही दाखवलंत की पुढचे दोन आटे आडवे दबलेत आणि त्यांच्या कडेला ताजं चकचकीत लोखंड दिसतंय. वायर ब्रशने साफ करून आटे सरळ करायचं टूल लावलंत, नवे आटे कापणारा डाय नाही हं, तो चांगलं मटेरियलही काढून टाकतो आणि स्टड बारीक होतो. थोडं पुढे, मग मागे, परत थोडं पुढे, मध्ये कचरा पुसायचा. आणि हे सगळं तुम्ही माझ्या हाताने करून घेतलंत, घाई नाही, चिडचिड नाही, "आता कसं लागतंय हाताला" एवढंच विचारत होतात. आटे दोनाच्या पुढे दबलेले असते तर स्टडच बदलायला लावला असता हेही स्पष्ट सांगितलंत.

तेल लावू का विचारलं तर तुम्ही जे समजावलंत ते आधी मला कोणीच सांगितलं नव्हतं. पान्यावर आपण जेवढा जोर लावतो त्यातला ढोबळमानाने १० टक्केच भाग स्टडला ताणून चाक दाबून धरायला लागतो, बाकी सगळा नट चाकाला टेकतो त्या बैठकीवर आणि आट्यांमध्ये घर्षणात जातो. हँडबुकमधला नट आवळायचा आकडा कोरड्या स्वच्छ आट्यांसाठी असतो, तेल लावलं की घर्षण कमी आणि त्याच आकड्याला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. आणि आटे खराब असले तर याच्या बरोबर उलटं, टॉर्क रेंच (ठरवलेला जोर लागला की क्लिक होणारा पाना) क्लिक करतो, आपण खूश, पण जोर सगळा आट्यांनी खाल्लेला आणि चाक मात्र सैलच. यावर मी अजून विचार करतो. जाम नटाला पाईप लावून "घट्ट" केला असता तर तो नक्की कशाला घट्ट झाला असता?

चाकाची मागची बाजू आणि हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, पुसायला लावलात तेही बरोबर, कारण चाक हबवर दाबून धरलंय म्हणून टिकतं, मध्ये गंज किंवा चिखल असला की चालवताना तो दबतो आणि नट ढिले होतात. गाडी हलकी म्हणून हे थोडं कमी चालेल असं अजिबात नाही, अशा गाड्या वळणावर जोरात फिरवण्यासाठीच घेतात लोक.

शेवटी चारही नट बोटांनी पूर्ण आत, मग जॅक थोडा खाली घेऊन टायर जमिनीला जेमतेम टेकवला आणि समोरासमोरचे नट आलटून पालटून, आधी ४०, मग ७०, मग १०० न्यूटन-मीटर. हँडबुकमध्ये ८८ ते ११८ आहे. क्लिक झालं की थांबायचं, खात्रीसाठी म्हणून दुसऱ्यांदा ओढायचं नाही. ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर थंड चाकांवर परत तपासायला सांगितलंत आणि मी विसरेन म्हणून स्वतःहून फोनही केलात, कोण करतं हो एवढं.

तपासले काका, चारही जागच्या जागी आहेत. चुकीच्या नटाच्या जागी १.५ पिचचा नवीन आणला होता, तोही आधी बोटांनी लावून बघितला आणि मगच पैसे दिले. तुमचं आटे सरळ करायचं टूल माझ्याकडेच राहिलंय, रविवारी आणून देतो, आणि मागच्या चाकांचे स्टड अजून बघायचेत तर वेळ असेल तर तेव्हा जरा या माझ्यासोबत.