ऊर्जामंत्री महोदय, जुन्या मीटरचे शेवटचे रीडिंग कुठे गेले?

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

सर्वसामान्य घरगुती ग्राहकाकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसणार नाही, असे सरकारने जून 2024 मध्ये जाहीर केले होते. आम्ही विश्वास ठेवला. प्रीपेड तेवढे गेले. मीटर आलेच, टीओडी म्हणजे वेळेनुसार दर लावणारे मीटर या नावाने. 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतल्या वापराला युनिटमागे 80 पैसे सवलत सुरू झाली, हे मान्य. पण परभणी-हिंगोलीकडे त्या वेळी घरातली माणसे शेतात नाहीतर कामावर असतात. सवलत फ्रीजला मिळते.

ते राहू द्या. मीटर बदलल्यानंतर आलेल्या बिलांचे बोलू.

गल्लीगल्लीत एकच बोलले जाते, की नवे मीटर पळते. आपले अधिकारी म्हणतात, ते अचूक आहे. ते खरे मानू. तपासायलाही सोपे आहे. मीटरवर युनिटमागे 3200 इम्पल्स, म्हणजे दिव्याच्या लुकलुकी, लिहिले असतील, तर पाणी तापवायचा हजार वॅटचा रॉड एकटाच पंधरा मिनिटे चालवला की लाल दिवा 800 वेळा लुकलुकायला हवा, तेही 230 व्होल्ट असतील तर. डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड येऊन व्होल्टेज 200 वर उतरले, की तोच आकडा 600 च्या आसपास थांबतो. मेन स्विच बंद केल्यावरही दिवा लुकलुकत असेल, तर मात्र लेखी तक्रार करावी. जुन्या घरांत दोन भाडेकरूंचे न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, एकत्र जोडलेले असते. नवे मीटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींतला करंट मोजते आणि जो जास्त त्यावर युनिट लावते, म्हणून शेजाऱ्याचा वापरही आपल्या नावे चढतो. हे बसवतानाच सांगायला हवे. ठेकेदाराच्या पोराला ते सांगायला वेळ कुठून असणार? त्याला दिवसाचा आकडा गाठायचा असतो.

खरा घोळ नोंदीत आहे. समजा, मागच्या बिलावर रीडिंग 4312 होते आणि मीटर काढताना ते 4371 होते. म्हणजे जुन्या मीटरची 59 युनिट उरली. ही 59 बिलावर 'समायोजित युनिट' या रकान्यात यायला हवीत आणि नव्या मीटरचा वापर त्यात मिळवायला हवा. मीटर काढणाऱ्याने 4371 ऐवजी 4731 लिहिले, की 360 युनिट फुकटची चढतात. तेव्हा मीटरचा फोटो आणि बदली अहवालाची सही-शिक्क्याची प्रत ग्राहकाकडे असेल तरच तो भांडू शकतो. प्रत कोणाला मिळते? मागितली तर "ॲपवर टाकलंय" म्हणतात.

याहून वाईट म्हणजे बदलीची नोंद संगणकावर चढतच नाही. दोन महिने सरासरी बिल येते आणि तिसऱ्या महिन्यात सगळे एकदम. महिन्याला 90 युनिट वापरणाऱ्या घराची तीन महिन्यांची 270 युनिट होतात. तीन महिन्यांना वाटली तर सगळी 0 ते 100 च्या टप्प्यात बसतात. एकाच महिन्याची धरली, तर 170 युनिट 101 ते 300 च्या टप्प्यात जातात, जिथे वीज आकार दुपटीच्या वर आहे. त्यावर 16 टक्के वीज शुल्क. पुढे सुरक्षा ठेव वर्षाच्या सरासरी बिलावरून ठरते, म्हणून चुकीचे बिल दुरुस्त झाले नाही तर वाढीव ठेवीची मागणीही येते. म्हणजे चूक त्यांची आणि अनामत आमची!

महावितरणच्या उपविभाग कार्यालयात गेले की उत्तर ठरलेले: "आधी भरून घ्या, पुढच्या बिलात वळते करू." का भरून घ्या? वीज कायदा 2003 चे कलम 56 सांगते, की वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांत जी कमी ती निषेध नोंदवून भरावी. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. तोडायची झाली तरी 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. केंद्राच्या वीजग्राहक हक्क नियमांतल्या 2024 च्या दुरुस्तीनुसार रीडिंगबद्दल तक्रार आली, की पाच दिवसांत जादा मीटर लावून किमान तीन महिने पडताळणी करायची आहे. हे काउंटरवर विचारून पाहा, साहेब. समोरचा माणूस तुमच्याकडे असा बघेल, जणू तुम्ही परग्रहावरून आलात.

जुने मीटर संथ होते म्हणून मागची वसुली काढायची, तर मीटरची चाचणी लागते आणि बिल जास्तीत जास्त तीन महिने मागे जाऊनच बदलता येते. पण चाचणी करायची कशाची? काढलेले मीटर दुसऱ्याच दिवशी पोत्यात भरून भंगारात. पुरावाच त्यांच्या ताब्यात.

हे मीटर मोफत आहे, असेही सांगतात. केंद्राचे अनुदान मीटरमागे जास्तीत जास्त 900 रुपये आणि ठेक्यातला भाव बारा हजारांच्या घरात. मधले अकरा हजार कोणाच्या खिशातून? उद्या वीजदरातूनच ना? परळीच्या औष्णिक केंद्राची राख मराठवाड्याने वर्षानुवर्षे अंगावर घेतली, प्यायच्या पाण्याची मारामार असताना त्या केंद्रालाही पाणी दिले. आणि आता थकबाकीदार म्हणून नोटीस आम्हालाच. मोठ्या थकबाकीदारांच्या दारात शिडी घेऊन कोण जाते, हेही एकदा जाहीर करा.

मागणी मोठी नाही. काढलेल्या मीटरचे रीडिंग फोटोसह त्याच दिवशी ग्राहकाच्या मोबाइलवर जावे. पुढची दोन बिले येईपर्यंत जुने मीटर सील करून उपविभागातच ठेवावे. नोंद उशिरा चढली तर वापर आपोआप महिन्यांत विभागला जावा. ग्राहकाला अर्ज करावा लागू नये. आणि हे होईपर्यंत मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत मीटर बदलणे थांबवण्याचा लेखी आदेश काढा. तोंडी आश्वासन नको, ते 2024 मध्ये एकदा मिळाले आहे.

आपला,
एक वीजग्राहक, परभणी