पवनचक्कीच्या शेजारच्या शेताचे काय?

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स.न.वि.वि.

बीड-धाराशिवच्या बालाघाट पठारावर पवनचक्कीचे काम अडले, की 'विकासाला विरोध' असा शिक्का बसतो. ज्याच्या गटात पवनचक्कीचा पाया खोदला जातो त्याच्याशी करार होतो, पैसे मिळतात. तो सहसा अडवत नाही. अडवतो तो शेजारी, ज्याच्या रानातून रस्ता आणि तारा जातात.

तारांचेच घ्या. पवनचक्कीपासून उपकेंद्रापर्यंतची लाइन बहुधा 33 केव्हीची (33 हजार व्होल्टची) असते. केंद्राच्या जून 2024 च्या सूचनांत लाइनच्या मनोऱ्याखालच्या जागेला जमीनमूल्याच्या 200 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला 30 टक्के मोबदला आहे, पण तो 66 केव्ही व त्यावरच्या लाइनींनाच. मग 33 केव्हीच्या खांबाचा भाव ठरवतो एजंट, शेतकऱ्याचा चेहरा पाहून. तारेखाली आंबा लावता येत नाही, बोअरची गाडी उभी करता येत नाही, ताणाच्या तारेभोवती ट्रॅक्टर वळत नाही. हे नुकसान व्होल्टेज पाहून होत नाही. राज्याने 33 केव्हीसाठी स्वतंत्र शासन निर्णय काढून दर ठरवावा. तोवर पोलिस बंदोबस्त देण्याआधी, वीज कायद्याच्या कलम 164 खालचा, लोकांच्या जमिनीतून तारा नेण्याचा अधिकार देणारा आदेश कंपनीकडे आहे का आणि तो नेमक्या कोणत्या लाइनचा आहे, एवढे तरी तहसीलदारांनी कागद हातात घेऊन पाहावे.

रस्त्याची गोष्ट वेगळी. संमतीपत्रावर पाच-सहा मीटर लिहिलेले असते. पवनचक्की उभारणारी, साखळीपट्ट्यांवर चालणारी क्रॉलर क्रेन सुटी न करता पुढच्या जागेवर न्यायची, तर दहा-बारा मीटर लागतात. उरलेली रुंदी कोणाच्या तरी उभ्या तुरीतून निघते. ओढ्यावर भराव टाकून खाली एकच पाइप घालतात. पहिल्या मोठ्या पावसात काडीकचऱ्याने तो तुंबतो, पाणी भरावाला अडून बाजूला वळते, बांध फुटतो आणि वरची माती जाते. पाणलोट मोजून मोरी बांधली, तर हे टळते. पायासाठी सुमारे हजार घनमीटर खोदाई होते. त्यातला मुरूम काळ्या रानावर पसरला, की ते रान वर्षानुवर्षे सुधारत नाही. वरची फूटभर माती आधी वेगळी काढून ठेवायला जेसीबीचा एखादा दिवस जातो, पण निविदेत अट नसेल तर कोण काढणार?

घरापासून 500 मीटर अंतर ठेवा, असे केंद्राच्या 2016 च्या सूचना सांगतात. इथे माणसे शेतवस्तीवर राहतात. अंतर गावठाणापासून धरले, तर वस्त्या हिशेबातच येत नाहीत. म्हणून प्रत्येक पवनचक्कीचा गट क्रमांक आणि सर्वांत जवळच्या घराचे अंतर काम सुरू होण्याआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे. पात्यांचा आवाज रात्री, गाव शांत झाल्यावर, जास्त जाणवतो; मोजणी दिवसा उरकू नये.

करारही मराठीत हवा. मुदत संपल्यावर पवनचक्कीचा मनोरा कोण उतरवणार, आणि त्या खर्चाची अनामत आज कोणत्या खात्यात आहे, हे त्यात असावे.

आपले,
बालाघाट पठारावरील शेतकरी