वटपौर्णिमेच्या आत साठ कुंड्या हव्यात

दांडिया बाजार, रावपुरा आणि आसपासच्या सगळ्या शेजाऱ्यांना महिला मंडळाचा सप्रेम नमस्कार.

गेल्या चैत्रात आमच्या शेजारच्या इमारतीच्या छज्ज्याला आग्यामोहळ लागलं होतं. घाबरून कुणीतरी औषधवाल्याला बोलावलं आणि भर दुपारी फवारणी झाली. चरायला गेलेल्या माशा नंतर तासभर एकेक करून परतत होत्या आणि जिन्यात पडत होत्या. आम्ही सुपलीत गोळा केल्या, तेव्हा त्यांच्या मागच्या पायांना परागाचे पिवळे गोळे तसेच चिकटलेले होते. त्या दिवसापासून मंडळात दुसरा विषय नाही.

आपल्या बडोद्याचं नाव वडावरून पडलं. पण वडाची फुलं फळाच्या आत दडलेली असतात, हे आमच्यातल्या कितीतरी जणींना ठाऊकच नव्हतं. गांधीलमाशीच्या जातकुळीतली, मुंगीहून लहान अशी एक माशी बारीक छिद्रातून आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. फुलांना पराग देऊन, अंडी घालून ती तिथेच मरते. वडाचं बी धरतं ते तिच्यामुळे. ज्या झाडाला आपण सूत गुंडाळतो, त्याचा वंश तिच्या जिवावर चालतो.

वांगी-टोमॅटोंच्या फुलांतला पराग कोंडलेला असतो. पोटावर निळे पट्टे असलेली एक रानमाशी फुलाला बिलगून अंग थरथरवते, तेव्हा तो सुटतो. मधमाशीला हे जमत नाही. ही माशी मातीत किंवा वाड्यांच्या जुन्या मातीच्या भिंतींत घर करते. वाडे पडले, अंगणात पेव्हर ब्लॉक आले. तिनं जावं कुठं? जर्मनीत तर राखीव क्षेत्रांतसुद्धा 27 वर्षांत उडत्या कीटकांचं एकूण वजन 75 टक्क्यांहून जास्त घटल्याचं 2017 साली प्रसिद्ध झालं.

या माशा-फुलपाखरांना आसरा मिळावा म्हणून पहिल्या पावसात अगाश्यांवर तुळस, सब्जा, गोकर्ण, कढीपत्ता आणि देशी झेंडूच्या 60 कुंड्या ठेवायच्या आहेत. माती, शेणखत आणि रोप धरून एका कुंडीला 250 रुपये, म्हणजे एकूण 15,000 रुपये लागतील. एका कुंडीचे पैसे दिलेत तरी पुष्कळ. पैसे नसतील तर जुनी कुंडी द्या, रोज पाणी घालायला हात द्या. रोख रक्कम मंडळाच्या खोलीत संध्याकाळी 5 ते 7 या वेळात घेऊ, पावती मिळेल.

घरच्या घरी करण्यासारखंही आहे. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, एका रोपावर राहू द्या. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली तर मारू नका, ती फुलपाखराची आहे. अंगणात हातभर जागा उघड्या मातीची ठेवा. वटपौर्णिमेला फांदी तोडून आणण्यापेक्षा झाडापाशी जाऊ या.

आणि इमारतीला पोळं लागलं असेल तर औषधवाल्याआधी आम्हाला निरोप द्या. आग्या माशा चवताळल्या की धोका असतो, हे आम्ही जाणतो. पण हंगाम सरला की त्या आपणहून निघून जातात. तोवर खाली दोरी बांधून रस्ता वळवायला आम्ही येऊ.