फोटोतल्या मावशींना

मावशी,

सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलो तर तुम्ही ‘पुरे रे’ म्हणत चहा टाकायला उठाल. म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे. सूनबाई वाचून दाखवतील.

मी चार बाय पाच इंचाच्या फिल्मवर पोर्ट्रेट काढतो. हा कॅमेरा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. डोक्यावर काळं कापड घ्यायचं, मागच्या दुधी काचेवर उलटी दिसणारी प्रतिमा पाहत डोळ्यांवर फोकस करायचा, शटर मिटायचं, फिल्म होल्डर सरकवायचा, फिल्म झाकणारी डार्क स्लाइड ओढायची आणि मग क्लिक. होल्डर आत गेला की काचेवर काही दिसत नाही. चेहरा जवळून घेताना फोकस जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर खोलीपुरताच असतो. समोरचं माणूस तेवढ्या वेळात जरा पुढे झुकलं तर कान लख्ख येतात आणि डोळे पुसट. त्यात पावसाळ्यातला खिडकीचा उजेड आणि जवळच्या फोकससाठी लांबवलेला भाता (लेन्स आणि फिल्ममधला घड्यांचा भाग; तो ताणला की फिल्मवर उजेड कमी पडतो), म्हणजे अर्धा-एक सेकंद शटर उघडं ठेवावं लागतं. एकोणिसाव्या शतकातल्या स्टुडिओंत माणसाच्या मानेमागे लोखंडी टेकू लावत, तो याचसाठी. मी तो टेकू तुम्हाला एका जुन्या फोटोत दाखवला, तेव्हा तुम्ही म्हणालात, “ह्याने मान हलायची नाही, पण चेहरा मरेल की!”

तुमचं उभं आयुष्य चित्रकलेच्या वर्गांत मॉडेल म्हणून स्टँडवर बसण्यात गेलं. आमच्याकडे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून आहे. मुंबईत माणूस समोर बसवून त्याचा चेहरा रंगवायला शिकलेल्या पिढ्यान्‌पिढ्या झाल्या, त्यांच्या गुरूंची नावं आपल्याला पाठ आहेत. समोर बसणाऱ्यांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत. चित्राखाली चित्रकाराची सही आणि शीर्षक ‘वृद्धा’. मला हे फार लागतं, कारण त्या बसण्यात केवढी विद्या आहे हे मी तुमच्याकडून शिकलो.

तुम्ही आधी पावलांभोवती खडूने रेघ मारून घ्यायचात, म्हणजे विश्रांतीनंतर पाय बरोबर जागेवर. मग भिंतीवरचा एक डाग हेरायचात आणि नजर तिथे ठेवायचात. उजेड तुम्हाला गालावर कळायचा, ढग आला की मी उजेड मोजायचं मीटर काढायच्या आत तुम्ही म्हणायचात, “थांब, गेला.” आणि श्वास! “श्वास धरला की खांदे चढतात. अर्धा सोडायचा, मग तू दाब.” आजही माझ्यासमोर कुणीही बसलं तरी मी हेच सांगतो, तुमच्याच शब्दांत.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती त्या एका सेकंदातली तुमची नजर. तुम्ही हलत नव्हता, पण थिजलेल्याही नव्हता. डोळ्यांत काहीतरी चाललेलं असायचं. एकदा मी विचारलं, काय आठवत होतात? तर म्हणालात, “माहेरची विहीर. किती पायऱ्या होत्या ते मोजत होते.” तो फोटो माझ्या आजवरच्या कामात मला सर्वांत जवळचा आहे. त्याचं श्रेय अर्ध्याहून जास्त तुमचं, हे मी मनापासून मानतो.

प्रदर्शनात त्या फोटोखाली तुमचं पूर्ण नाव लिहिलं, मॉडेल म्हणून, माझ्या नावाच्याच आकारात. इथे लिहीत नाही, कारण ‘नेटवर नको’ असं तुम्ही बजावलंय. फोटो विकला गेला की त्यातला वाटा तुमचा, हेही आपलं ठरलेलं आहे. ‘पोराकडून पैसे कसे घेऊ’ हे मी ऐकणार नाही. बसणं हे काम आहे, मावशी, आणि तुमच्याइतकं चोख ते करणारं मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही.

सूनबाईंनी मागितलेली मोठी प्रिंट तयार आहे. गुडघा बरा असेल तर पुढच्या महिन्यात पुन्हा बसाल का? या वेळी खुर्ची पाठ असलेली आणतो.

तुमचा,
फोटोवाला