यंत्रं येतील, पण ती समजणारी माणसं टिकवा

मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांस,
स. न. वि. वि.

मी मुंबईतल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. सूर्यासारखी अणुसंमीलनाची ऊर्जा मिळवू पाहणाऱ्या फ्रान्समधल्या ‘ईटर’ प्रकल्पासाठी भारताने क्रायोस्टॅटचं, म्हणजे यंत्राला वेढणारं निर्वात, अवाढव्य भांडं बनवलं, याचा अभिमान आहेच. पण अशा यंत्राचं घोडं नुसतं पोलादापाशी अडत नाही. चुंबकीय क्षेत्रात कोंडलेल्या प्लाझ्मात, म्हणजे विद्युतभारित कणांच्या तप्त वायूत, बारीक लहरी उठतात, एकमेकींत गुंततात, टर्ब्युलन्स (खळबळ) माजतो आणि कणांच्या साध्या टकरींच्या हिशेबाने निघावी त्याहून कितीतरी जास्त उष्णता बाहेर निसटते. या गळतीचं गणित अजून पुरतं हाती आलेलं नाही.

त्याच जातीचं काम मुंबईच्या परिसरात होतं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) लेसरच्या अतितीव्र, क्षणार्धाहून सूक्ष्म झोताने प्लाझ्मा तयार करून त्यातला चुंबकीय टर्ब्युलन्स मोजला गेला. हा प्रयोग टेबलावर मावतो! पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत अवकाशातल्या प्लाझ्मा लहरींचा सिद्धांत मांडला जातो. ही संस्था तर आपल्याच खात्याची.

तिचा वारसा कुलाबा वेधशाळेचा. १८५९ च्या सौरवादळात पृथ्वीचं क्षैतिज चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद तिथलीच. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने मोजमाप बिघडणार म्हटल्यावर ब्रिटिश सरकारने १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली, तीही चुंबकीय मोजमाप न बिघडवणाऱ्या पोरबंदरी दगडाची. नोंदींचा धागा तुटू नये म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीकडे मोजमाप चालू ठेवलं. परक्या सरकारला सुचलेला हा शहाणपणा मला आजही थक्क करतो.

आज धागा माणसांपाशी तुटतो. पीएचडीच्या संशोधकाला मिळणारी कनिष्ठ फेलोशिप (जेआरएफ) कागदावर दरमहा ३७,००० रुपये. माझ्या एका माजी विद्यार्थिनीची ती महिनोन्महिने अडकली. कुठे, ते इथे सांगत नाही. मुंबईत घरमालक मंजुरीपत्र पाहून थांबत नाही. लहरींचं गणित सोडून ती कोचिंग क्लासला लागली, आणि तिला दोष देण्याची माझी हिंमत नाही.

मोठ्या यंत्रांचा निधी कमी करा असं मी म्हणत नाही. फेलोशिप मात्र पगारासारखी ठरल्या तारखेला जमा व्हावी, आणि वरून अनुदान उशिरा आलं तरी संस्थेला ती आधी देता यावी म्हणून राखीव रक्कम असावी. याचा आदेश याच आर्थिक वर्षात काढावा, ही विनंती.

आपला,
मुंबईतला एक शिक्षक