जुन्या गाड्यांसोबत मिस्त्रीही जपा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील खासगी वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय केली, हे स्वागतार्ह आहे; मात्र नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये शुल्क भरून जपलेली ही गाडी दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न उरतोच. कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी किंवा २०१४ पर्यंत उत्पादनात असलेली अ‍ॅम्बेसेडर मालकाला स्वतः उघडून दुरुस्त करता येत असे. ठिणगीसाठी वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट पॉइंट काळे पडले की ते पॉलिश पेपरने घासून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट लावायची, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचे जेट (बारीक छिद्रे) फुंकून साफ करायचे, एवढ्यावर बहुधा काम भागे. नागपूरच्या मे महिन्यात पेट्रोलची वाफ होऊन इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप अडला, की त्यावर ओला दुपट्टा गुंडाळून थोडे थांबणे हा तर खास वैदर्भीय उपचार! आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांतील दोष संगणकीय स्कॅनरशिवाय सहसा कळत नाहीत. प्रदूषणाचा विचार करता हा बदल योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु इंजिनाचा आवाज ऐकून कार्ब्युरेटर निव्वळ कानाने लावणारे महाल-सीताबर्डीतील मिस्त्री आता थकले आहेत. शहरातील आयटीआयने त्यांना मानधन देऊन बोलवावे आणि सुटीच्या दिवशी एखादा लहान अभ्यासक्रम सुरू करावा. त्यात गाडीमालकांनाही प्रवेश असावा, ही विनंती.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर