रिलीव्हरला फक्त ‘सेव्ह’च्या आकड्याने मोजू नका

महोदय,

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून येतात, तेव्हा रिलीफ पिचरच्या, म्हणजे सामन्यात मधे येऊन चेंडू टाकणाऱ्या रिलीव्हरच्या, नावापुढे बहुधा एकच आकडा असतो: सेव्ह किती, म्हणजे संघाची आघाडी शेवटपर्यंत किती वेळा राखली. मारियानो रिव्हेरा ६५२, ट्रेव्हर हॉफमन ६०१, आणि बातमी संपली. हे आकडे खोटे नाहीत. पण त्यांवरून रिलीव्हरने सामन्यात नेमके काय केले ते कळत नाही, आणि त्याची कारकीर्द कशावर उभी राहते, कशाने मोडते, हे तर मुळीच कळत नाही.

सामना सुरू करणाऱ्या स्टार्टरची पाळी साधारण दर पाच दिवसांनी येते आणि ती त्याला आधीपासून ठाऊक असते. तो दमला, किंवा बॅटरना त्याच्या चेंडूंचा अंदाज येऊ लागला, की बुलपेनमधून, म्हणजे पिचरच्या तयारीच्या जागेतून, रिलीव्हर येतो. क्रिकेटमध्ये कर्णधार गोलंदाजाला थांबवून पुन्हा दुसऱ्या स्पेलला आणू शकतो; बेसबॉलमध्ये बाहेर काढलेला पिचर त्या सामन्यात परत माउंडवर (चेंडू टाकायच्या उंचवट्यावर) येत नाही. त्यामुळे कोणाला कधी आणायचे, यावर सामना फिरतो.

सेव्हची कल्पना शिकागोचे पत्रकार जेरोम होल्ट्झमन यांची. १९६९ पासून ती अधिकृत आकडेवारीत आली. सेव्ह मिळतो जिंकलेल्या संघाच्या शेवटच्या पिचरला, विजय त्याच्या स्वतःच्या नावावर नसेल तर. शिवाय तीनपैकी एक अट पुरी व्हावी लागते. तीन किंवा त्याहून कमी धावांच्या आघाडीवर येऊन त्याने किमान एक इनिंग (सामन्यातल्या नऊ डावांपैकी एक; तीन आउट झाले की संपते) टाकलेली असावी. किंवा तो आला तेव्हा बरोबरी साधू शकणारा प्रतिस्पर्धी बेसवर (धावेच्या वाटेवरच्या तीन थांब्यांपैकी एकावर), बॅटिंगला किंवा लगेच पुढच्या पाळीला असावा. किंवा त्याने शेवटच्या किमान तीन इनिंग चांगल्या टाकलेल्या असाव्यात.

आता हा नियम प्रत्यक्षात काय करतो ते पाहा. नववी इनिंग, तीन धावांची आघाडी, बेस रिकामे. क्लोजर, म्हणजे आघाडी राखायला शेवटी येणारा रिलीव्हर, येतो, दोन धावा देतो, तीन आउट काढतो. सेव्ह जमा. त्या दिवसापुरता त्याचा ईआरए, म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या चुकांमुळे झालेल्या वगळून नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, १८.०० भरतो. त्याच सामन्यात सातव्या इनिंगला, एक आउट आणि तिन्ही बेस भरलेले असताना आलेल्या पिचरने दोन बॅटर बाद करून एकही धाव दिली नसेल, तरी त्याला सेव्ह नाही. फार तर ‘होल्ड’ (मधल्या रिलीव्हरने आघाडी टिकवल्याची नोंद) मिळेल, आणि नियमपुस्तकाच्या लेखी होल्ड ही अधिकृत नोंदच नाही. सामना कोणी वाचवला हे उघड आहे.

ईआरएचेही असेच आहे. आधीच्या पिचरने बेसवर ठेवलेले रनर (बेसवर पोहोचलेले बॅटर) होमला आले, म्हणजे त्यांची धाव पुरी झाली, तर त्या धावा त्या आधीच्या पिचरच्या खात्यात जातात. रिलीव्हरने आल्या आल्या डबल (दोन बेसचा फटका) दिली, तिन्ही रनर आत आले, मग त्याने दोन आउट काढले, तर त्याच्या नावावर शून्य धावा. म्हणून रिलीव्हरचा ईआरए १.९० दिसला तरी हुरळून जाऊ नये. वारशाने किती रनर मिळाले आणि त्यांतले किती होमला पोहोचले, ते आधी बघावे.

सेव्हच्या आकड्याने संघ चालवणाऱ्या मॅनेजरांची बुद्धीही बांधली गेली. २०१६ मध्ये बाल्टिमोरच्या झॅक ब्रिटनला सेव्हच्या ४७ संधी मिळाल्या, त्या सर्व ४७ त्याने साधल्या, ईआरए ०.५४. त्या वर्षी ४ ऑक्टोबरला टोरोंटोविरुद्ध एकाच सामन्याचा प्लेऑफ होता, हरणारा घरी जाणार होता. बरोबरीतला सामना ११ व्या इनिंगपर्यंत गेला. मॅनेजर बक शोवॉल्टर यांनी ब्रिटनला आघाडी मिळेल तेव्हासाठी राखून ठेवले. ती आघाडी मिळालीच नाही. उबाल्डो हिमेनेझच्या चेंडूवर एडविन एन्कार्नासिओनने तीन धावांचा होमरन मारला आणि बाल्टिमोरचा हंगाम संपला, तोवर ब्रिटनने एकही चेंडू टाकलेला नव्हता. त्याच शरद ऋतूत क्लीव्हलँडने अँड्र्यू मिलरला पाचव्या, सहाव्या, सातव्या इनिंगमध्ये, जिथे सामना अडेल तिथे आणले, आणि अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. ब्रिटनला बसवून ठेवणे ही त्या रात्रीची मोठी चूक होती, आणि तिची मुळे सेव्हच्या नियमात आहेत.

खुद्द रिव्हेराचे उदाहरण घ्या. १९९६ मध्ये तो क्लोजर नव्हता. जॉन वेटलँडच्या आधी येऊन तो सातवी-आठवी इनिंग टाकायचा. त्या हंगामात १०७ ⅔ इनिंग, १३० स्ट्राइकआउट, ईआरए २.०९, आणि लीगमधल्या सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात तिसरा क्रमांक. सेव्ह किती? पाच. माझ्या मते पुढच्या कित्येक क्लोजर-हंगामांपेक्षा त्याचे हे वर्ष संघाला जास्त मोलाचे होते.

पगारही याच आकड्यामागे धावतो. १७२ दिवस मेजर लीगच्या यादीत राहिले की सेवेचे एक वर्ष धरतात. साधारण तीन वर्षांनंतर पगार लवादाकडे नेता येतो, सहा वर्षांनंतर खेळाडू कुठल्याही संघाशी बोलायला मोकळा होतो. लवाद मधला आकडा काढत नाही. संघाचा किंवा खेळाडूचा, दोन्हींपैकी एकच निवडतो. २०१७ मध्ये न्यूयॉर्क यांकीज संघाचा रिलीव्हर डेलिन बेटान्सेसने ५० लाख डॉलर मागितले, संघाने ३० लाख देऊ केले. सलग तीन ऑल-स्टार (निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठीच्या) निवडी त्याच्या पाठीशी होत्या. पण तो क्लोजर नव्हता, आणि निकाल संघाच्या बाजूने लागला. २०१९ मध्ये खांद्याच्या दुखापतीने तो जवळजवळ पूर्ण हंगाम बाहेर होता. सप्टेंबरात परतला, दोन बॅटर बाद केले आणि त्याच वेळी त्याच्या टाचेची शीर अर्धवट फाटली. मोकळा होण्याचे वर्ष नेमके तेच. रिलीव्हरच्या बाबतीत पुढे मिळेल म्हटलेला पैसा अनेकदा मिळतच नाही, तो असा.

आता जे कुठल्याच तक्त्यात येत नाही त्याकडे येतो. पाचव्या इनिंगच्या सुमारास रिलीव्हर रबरी पट्ट्यांनी खांदा मोकळा करू लागतो. फोन वाजला की उठायचे. चेंडू झेलणारा कॅचर उभा असताना पाच-सहा हलके चेंडू. तो बसला की फास्टबॉल, आधी प्लेटच्या एका बाजूला, मग दुसऱ्या. मग वळणारा स्लायडर किंवा हळू येणारा चेंजअप. शेवटचे दोन-तीन पूर्ण जोर लावून. एकूण १५ ते २५ चेंडू, घाई असेल तर दहा-बारातच तयार व्हायचे. एवढ्यात तिकडे डबल प्ले (एकाच खेळीत दोन आउट) होऊन इनिंग संपली, तर खाली बसायचे. अंग थंड पडते. पुढच्या इनिंगला पुन्हा फोन, पुन्हा तेच. समजा दोनदा तयार होऊन त्याने सामन्यात १५ चेंडू टाकले. हातातून गेले ५० च्या आसपास, कागदावर १५. आणि त्याला आणलेच नाही, तर कागदावर तो दिवस विश्रांतीचा. हंगाम १६२ सामन्यांचा असतो. ६५-७० सामने खेळलेल्या रिलीव्हरने हात किती वेळा तापवला याचा हिशोब फक्त बुलपेन कोचच्या वहीत राहतो. चांगला मॅनेजर ‘उठवला की वापरायचा’ हे पाळतो. जो पाळत नाही, त्याचे पिचर ऑगस्टमध्ये वेग गमावतात. आधी वेग जात नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आधी नेम जातो, स्लायडर वळण्याऐवजी मधोमध येतो, आणि मग वेग.

दर चेंडूला पूर्ण जोर, आणि २०२३ पासून पिच क्लॉकही (चेंडू टाकायची वेळमर्यादा) आहे: बेस रिकामे असताना १५ सेकंद, रनर असताना तेव्हा २०, पुढच्या वर्षीपासून १८. दम घ्यायला उसंत नाही. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटला तर टॉमी जॉन शस्त्रक्रिया आणि १२ ते १८ महिने बाहेर. ही शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी प्रथम १९७४ मध्ये केली; त्या वर्षी ती झालेला पिचर टॉमी जॉन ज्या डॉजर्स संघात होता, त्याच संघाच्या माइक मार्शलने रिलीव्हर म्हणून १०६ सामन्यांत २०८ ⅓ इनिंग टाकल्या आणि साय यंग पटकावला. तो विक्रम आजही टिकून आहे, आणि आता कोणी तो मोडू पाहू नये.

यादीतले राजकारण वेगळेच. २६ जणांच्या संघात जास्तीत जास्त १३ पिचर. ज्या तरुण रिलीव्हरकडे ‘ऑप्शन’ (त्याला खाली पाठवण्याची संघाला असलेली मुभा) शिल्लक आहे, त्याला खालच्या पातळीच्या मायनर लीगमध्ये पाठवायला संघाला कोणाची परवानगी लागत नाही. काल त्याने तीन इनिंग सुरेख टाकल्या म्हणजे आज तो उपलब्ध नाही. संघाला ताजा हात हवा. म्हणून त्यालाच खाली धाडतात. चांगल्या कामाचे हे फळ. तिथे गेला की जखमी खेळाडूची जागा भरायची नसेल तर किमान १५ दिवस परत बोलावता येत नाही. लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०२२ च्या करारात असे खाली धाडण्यावर हंगामाला पाच वेळांची मर्यादा आली, ती फार आधी यायला हवी होती. २०२५ चा किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर, म्हणजे हंगामाच्या दर दिवसाला सुमारे चार हजार. तो फक्त वरच्या यादीत असलेल्या दिवसांचा. ४३ दिवस भरले तर निवृत्तिवेतनाचा हक्क लागतो. काठावरच्या पिचरला हा हिशोब तोंडपाठ असतो.

२०२० पासून रिलीव्हरला किमान तीन बॅटर खेळवावे लागतात, किंवा इनिंग संपवावी लागते, अपवाद दुखापतीचा. जेसी ओरोस्को २४ हंगाम, १,२५२ सामने खेळला, त्यांतली उतारवयातली कित्येक वर्षे एक-दोन डावखुऱ्या बॅटरपुरता येऊन. ती वाट आता बंद झाली आहे.

आपल्या क्रीडा विभागाला विनंती आहे की सेव्ह जरूर छापा, पण रिलीव्हर कितव्या इनिंगला, किती आउट असताना आला, किती रनर वारशाने मिळाले, त्यांतले किती आत आले आणि चेंडू किती, एवढे सोबत द्या. वारशाचे रनर आणि चेंडूंची संख्या सामन्याच्या बॉक्स स्कोअरमध्ये (आकडेवारीच्या तक्त्यात) तळाशी तयार मिळते, बाकीचे खेळाच्या क्रमवार नोंदीत. वेगळी चौकट नको. ‘सातवी इनिंग, १ आउट, रनर ३, आत ०, चेंडू ११’ इतकी एक ओळ पुरते.

– एक वाचक